गाळणीच्या दारातला झेंडू

लोक विचारतात, "तुम्ही नोकरीत नेमकं करायचात काय?" मी सांगते, "घाबरायचे." समोरचा हसतो. पण मी विनोद करत नसते. परळच्या ज्या संस्थेत मी निवृत्तीपर्यंत काम केलं, तिथे मला पगार मिळायचा तो घाबरण्याचाच. ज्या दिवशी भीती वाटेनाशी होईल त्या दिवशी या खोलीत पाय ठेवू नका, असं मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावायचे. मुली गुणाच्या. वहीत लिहूनही घ्यायच्या.

आधी काम समजावते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी-पेशी नावाची एक जात असते. तिचं काम पहाऱ्याचं. अंगात परकं काही शिरलं की त्याला ओळखायचं आणि मारायचं. कर्करोगाची पेशी मात्र परकी नसते, ती आपल्याच घरात बिघडलेली असते. पहारेकरी तिला ओळखतच नाही, सलाम ठोकून पुढे जातो. म्हणून रुग्णाच्याच टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या आणि त्यांच्या बाहेरच्या पडद्यावर एक नवीन रेणू बसवायचा. आम्ही त्याला आपसात हूक म्हणायचो. बिघडलेल्या पेशीवर एक ठरावीक खूण असते, ती हा हूक पकडतो. तो काही हातानं चिकटवता येत नाही. त्याची कृती एका निकामी केलेल्या विषाणूबरोबर पेशीच्या आत पाठवायची, मग पेशी स्वतःच तो हूक घडवते आणि आपल्या अंगावर उभा करते. पुढचे दहा-बारा दिवस या पेशी उबेत ठेवून, खायला घालून वाढवायच्या आणि त्याच माणसाच्या शिरेतून परत सोडायच्या.

आमचे प्रमुख डॉक्टर रेगे. त्यांची सगळी हयात या हुकाची पकड ठरवण्यात गेली. पकड सैल असली तर ओळख पटत नाही, फार घट्ट असली तर पेशी एकाच ठिकाणी चिकटून बसते आणि दमून जाते. हे सांगताना ते चहाचा कप कधी दोन बोटांनी, कधी मुठीत धरून दाखवायचे आणि दर वेळी चहा कुणाच्या तरी कागदांवर सांडायचे. हुशारी त्यांची, पुसणं आमचं.

माझं काम पेशी वाढवण्याचं. एका माणसाच्या पेशी म्हणजे एक पारदर्शक पिशवी, हातरुमालाएवढी. ती बिघडली तर दुसरी कुठून आणणार? शिवाय त्यांना वाढवायला जे खाद्य लागतं, ते बुरशीलाही तितकंच आवडतं. आपण पेशींना जेवायला वाढावं आणि बुरशीनं येऊन पंगत उठवावी, असा तो प्रकार. म्हणून खोलीतली हवा गाळलेली, अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोळे तेवढे दिसणार. पावडर नाही, काजळ नाही, बांगड्या नाहीत. केसात गजरा माळून आलेल्या मुलीला मी दारातून परत पाठवलेलं आहे. ती रडली होती. त्या दिवशी तिचा साखरपुडा होता, हे मला नंतर कळलं.

नातेवाईकांशी आमचा संबंध यायचं कारण नव्हतं. आमच्याकडे पिशवीवर फक्त क्रमांक. तरीही माणसं शोधत यायचीच. गिरगावातले एक आजोबा एकदा जिना चढून आले आणि कानाशी लागून विचारायला लागले, "बाई, मुलाच्या पेशींना तुम्ही जे खायला घालता, ते शाकाहारी आहे ना?" मी म्हटलं, "आजोबा, सध्या त्या पथ्यावर आहेत." त्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही, पण खरं सांगून काय करणार होते?

असेच एक पाटणकर. ठाकूरद्वारला राहायचे, विमा कंपनीत नोकरी. त्यांच्या बायकोला, माधवीला, रक्ताचा कर्करोग होता, तोही उलटलेला. औषधं थकली होती आणि आमची पिशवी हा शेवटचा उपाय होता. पाटणकर रोज सकाळी वॉर्डात डबा पोचवून आमच्या इमारतीच्या दाराशी उभे राहायचे. मी आले की एकच प्रश्न.

"आज काय करतायत?"

"वाढतायत."

"त्रास तर देत नाहीत ना तुम्हाला?"

जसं काही पाळणाघरात पोर सोडून चालले होते. मला हसू यायचं आणि काळजीही वाटायची. क्रमांकाला चेहरा चिकटला की हात कापतात. म्हणूनच आम्ही नावं विचारत नाही.

माधवीच्या पेशींची पिशवी खंडेनवमीच्या दोन दिवस आधी उबेच्या कपाटात गेली.

आता मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी करी रोडच्या चाळीतली. वडील गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात. आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमच्याकडे पाटी-दप्तराची पूजा नाही. त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. शाळेत, कॉलेजात याचं कुणाला काही वाटलं असेल तर तोंडावर कुणी म्हटलं नाही. माझ्या पहिल्या नोकरीत, एका रक्तपेढीत, मात्र म्हटलं. तिथे सत्यनारायण होता आणि कुणीतरी ऑक्सिजनच्या नळकांड्याजवळ उदबत्त्या खोचल्या होत्या. मी नवखी, नियम पाठ. मी म्हटलं, "इथे नको, पेट घेईल." उदबत्त्या हलल्या. पण मागून एक बाई हळूच म्हणाली, मला ऐकू जाईल इतपत हळू, "ह्यांना आपल्या देवाचं वावडंच असतं." त्यानंतर सहा महिने जेवणाच्या टेबलावर माझ्या डब्यातली भाजी कुणी घेतली नाही. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही. नुसता माझा डबा तसाच राहायचा. आई विचारायची, "आज पण भाजी परत?" मी म्हणायचे, भूक नव्हती. तेव्हापासून मी पूजेच्या बाबतीत तोंड उघडायचं सोडून दिलं. प्रसाद हातावर घ्यायचा, छान झाली म्हणायचं, पुढे जायचं.

आमच्या इमारतीच्या गच्चीखालच्या मजल्यावर हवेची यंत्रं होती. बाहेरची हवा ओढून, गाळून खाली आमच्या खोल्यांत सोडणारी. ती सांभाळायला परब होता. ठेकेदाराचा माणूस, मूळचा मालवणकडचा, राहायला लालबागला. त्याचे वडीलही गिरणीतच होते. यंत्राचा आवाज जरा बदलला की हा झोपेतून उठून सांगेल कुठला पट्टा सैल झालाय, असा माणूस. वर्षभर त्या यंत्राला तो लेकरासारखा जपायचा आणि खंडेनवमीला त्याची पूजा करायचा. आधीची दोन वर्षं नुसतं हळद-कुंकवाचं बोट लावलेलं मी पाहिलं होतं, बाहेरच्या पत्र्यावर. त्यानं काही बिघडत नाही.

त्या वर्षी मी रोजच्यासारखी सकाळी हवेच्या दाबाची नोंद घ्यायला वर गेले, तर पूजा नुकतीच आटपली होती. कार्यालयातली चार-पाच माणसं होती, आमच्यातली एक मुलगी पेढे वाटत होती. यंत्राला झेंडूचा भरगच्च हार. तो हार दाराच्या मुठीला गुंडाळला होता, आणि त्याचा दोरा त्याच दाराच्या फटीत गेला होता. हे दार गाळणी आणि पंखा यांच्या मधल्या कप्प्याचं. तिथे पंखा सतत हवा ओढत असतो. दाराच्या कडेचं रबर नीट बसलं नाही, तर गाळणी चुकवून बाहेरची हवा थेट आत. हे मला माहीत होतं. नव्या मुलींना मीच शिकवायचे.

मी ते पाहिलं. चांगलं स्पष्ट पाहिलं. रबरावर एक पाकळी चिरडलेली होती.

"मॅडम, वायच प्रसाद घ्या," परब म्हणाला. घामानं निथळत होता, खूश होता.

मी तोंड उघडलं. समोर पाच चेहरे होते, सगळे हसरे. आणि माझ्या कानात त्या रक्तपेढीतल्या बाईचा आवाज आला. मी पेढा घेतला. म्हटलं, "छान झाली पूजा." आणि खाली आले. उद्या हार निघेलच, एका दिवसानं काय होतं, दाबाचा काटा तर जागच्या जागी आहे, अशी मी जिन्यावर स्वतःची समजूत घालत होते. दुसऱ्या दिवशी दसरा, मी रजेवर, विहारात. तिसऱ्या दिवशी वर गेले तर हार खरंच निघालेला होता. मी सुटकेचा श्वास टाकला. दार उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर हार ओढताना तुटलेला दोरा रबरात तसाच अडकलेला दिसला असता.

सातव्या दिवशी सकाळी मी माधवीची पिशवी कपाटातून काढून उजेडात धरली. निरोगी पिशवी हलवली की धुकं हलल्यासारखं दिसतं. या पिशवीत एका कोपऱ्यात पांढरा पुंजका होता. वडील कामावरून आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचे पुंजके असायचे, तसा. मी पिशवी खाली ठेवली, परत उचलली, परत उजेडात धरली. पुंजका तिथेच. त्या पोशाखात तोंडावर हात मारून घेता येत नाही, डोळे पुसता येत नाहीत. मी तशीच उभी राहिले आणि मला एकच गोष्ट दिसत होती, दाराशी डबा घेऊन उभा असलेला माणूस.

खोलीतली हवा तपासायला आम्ही दर आठवड्याला खाद्य लावलेल्या तबकड्या उघड्या ठेवतो. हवेत काही असलं तर त्यांवर उगवतं, पण दिसायला चार-पाच दिवस जातात. त्याच सकाळी त्या तबकड्यांवरही तीच पांढरी बुरशी उगवलेली निघाली. पेशी हाताळायच्या कपाटाला स्वतःची वेगळी गाळणी असते, पण खोलीचीच हवा बिघडली की एखादा कण हातमोज्यावर बसून आत जातोच.

डॉक्टर रेग्यांनी सगळ्यांना बोलावलं. आशा संपलेली नव्हती. नियमाप्रमाणे माधवीच्या थोड्या मूळ पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. त्यांतून पुन्हा सुरुवात करता येणार होती. पुन्हा बारा दिवस. ते बारा दिवस तिच्याकडे आहेत का, हे वॉर्डातले डॉक्टर सांगू शकत नव्हते. आणि बुरशी कुठून आली हे कळल्याशिवाय नवी पिशवी उघडायची सोय नव्हती. "शोधायला तीन-चार दिवस तरी लागतील," रेगे म्हणाले, "नळ, कपाटं, हातमोजे, सगळं एकेक करून बघावं लागेल."

माझ्याजवळ त्याचं उत्तर होतं. तीन-चार दिवस वाचवणारं उत्तर. आणि तरीही, लिहायला लाज वाटते, मी काही क्षण गप्प बसले. मी नाही बोलले तरी शोधणारे शोधतीलच, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मग मी म्हटलं, "सर, वरच्या यंत्राचं मधलं दार बघा. खंडेनवमीचा हार त्यात अडकला होता."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी पाहिला होता."

"पाहिला होतात? कधी?"

"त्याच सकाळी."

रेगे मला वीस वर्षं ओळखत होते. "कांबळेबाई," ते म्हणाले, "तुम्ही गजरा घातलेल्या मुलीला घरी पाठवता. आणि हे बघून गप्प बसलात? का?"

मी सांगितलं का ते. सगळ्यांसमोर सांगितलं, कारण आता लपवून काय राहणार होतं? रक्तपेढी, उदबत्त्या, डबा. ते ऐकताना पेढे वाटणारी मुलगी खाली बघत राहिली. मग रेगे उठून वर गेले. दहा मिनिटांत दोरा मिळाला.

परब दुपारी मला जिन्यात भेटला. तो दोरा त्यानं स्वतः रबरातून काढला होता. त्याचा चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले.

"मॅडम, तुमी बघितलात?"

"हो रे."

"मग बोललात कित्याक नाय? तुमी नको म्हटला असतात तर मी काढलो नसतो काय? हार तो. देव काय रागावता? आणि तुमी सांगितलंत म्हणान मी रागावलो असतो, असा वाटला तुमका?"

खरं तर हो, तसंच वाटलं होतं. तीन वर्षं ज्याच्याबरोबर चहा प्यायले, ज्याच्या मुलीच्या दहावीचे पेढे खाल्ले, त्याला मी एका क्षणात त्या रक्तपेढीतल्या बाईच्या रांगेत उभं केलं होतं. त्याला विचारूनही पाहिलं नव्हतं. कदाचित दुसरं कुणी कुजबुजलं असतं. परब कुजबुजला नसता. ठेकेदारानं महिनाभरात त्याला तिथून हलवून ठाण्याकडे कुठेतरी पाठवलं. मी रेग्यांना सांगून पाहिलं, रेग्यांनी ठेकेदाराला. उपयोग झाला नाही. मला एक ताकीदपत्र मिळालं आणि माझी नोकरी शाबूत राहिली. हा हिशेब मला अजून पटत नाही.

दुसऱ्या दिवशी खोली धुऊन-पुसून, यंत्र दुरुस्त करून गोठवलेल्या पेशी बाहेर काढल्या. त्या थोड्या होत्या आणि दमलेल्या होत्या. हूक चढला तोही सगळ्यांवर नाही. चौथ्या दिवशी मोजणी केली तर संख्या वाढायच्या ऐवजी घटलेली. पाटणकर रोज सकाळी दाराशी होतेच. पहिली पिशवी दूषित झाली एवढं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, कशानं ते नाही. त्यांनी आरडाओरडा केला नाही. प्रश्न तोच, आवाज फक्त खाली गेलेला.

"आज काय करतायत?"

"बघतोय आम्ही."

"तिला काल ताप होता. सारखी विचारत होती अजून किती दिवस."

मी मान हलवून आत जायचे आणि पोशाख चढवताना बटणं चुकायचे. त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. पिशवी उजेडात धरायच्या आधी मी डोळे मिटायचे, मग उघडायचे. रोज. पाचव्या दिवशी संख्या जागेवर थांबली. सहाव्या दिवशी थोडी वाढली. मी कुणाला काही बोलले नाही, बोललं तर परत घटेल अशी वेडगळ भीती. मी, जी मुलींना शकुन-अपशकुनावरून टोकायचे!

बाराव्या दिवशी पिशवी वॉर्डात गेली. लागत होत्या त्यापेक्षा पेशी थोड्या कमीच होत्या. पेशी शिरेतून सोडल्यावर तिसऱ्या दिवशी माधवीला सडकून ताप आला, रक्तदाब घसरला, तिला अतिदक्षता विभागात हलवलं. पेशींनी शत्रू ओळखला की असा ताप येतो, हे मी शंभर वेळा लोकांना समजावलेलं. त्या दिवशी मलाच ते कुणी समजावून पटलं नसतं. पाच दिवसांनी ताप उतरला. महिन्यानं तपासणी झाली, तेव्हा तिच्या रक्तात कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही. रेग्यांनी कप उंचावून दाखवला आणि चहा सांडला. मी प्रसाधनगृहात जाऊन रडून घेतलं.

दीडेक वर्षानं, माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना, पाटणकर माधवीला घेऊन आमच्या उपाहारगृहात आले. ती शाळेत शिकवायची आणि परत कामावर रुजू झाली होती. केस आखूड, चेहरा भरलेला. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. "ह्या कांबळेबाई," पाटणकर म्हणाले, "ह्यांच्यामुळे."

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिचे खांदे धरले. गप्प बसणं तेव्हाही सोपं होतं, आणि मला तितकीच भीती वाटत होती. पण एकदा गप्प बसून काय होतं ते मी पाहिलं होतं.

"बसा," मी म्हटलं, "तुमची पहिली पिशवी कशी गेली ते मला सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. हार, दोरा, पेढा, मी पाहिलं ते आणि बोलले नाही ते. पाटणकर मध्येच म्हणाले, "जाऊ द्या हो, आता सगळं नीट आहे ना." माधवीनं त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

"ते बारा दिवस मी तासातासानं काढलेत," ती म्हणाली. "मुलीला पत्र लिहून ठेवलं होतं. तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण जाऊ द्या असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका," मी म्हटलं.

मग आम्ही तिघांनी चहा प्यायला.